घरातल्या जुन्या वस्तूंचा नवा उपयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती घराबाहेर काढायची, हे ठरवायचं कसं?

आकार पाहून ठरवू नका. सुंदर बाटली दिसली की ठेवावीशी वाटतेच, पण ती पुढे काय काम करेल हे ठरतं ती कशाची बनली आहे यावरून. वस्तू हातात घेतली की तीन गोष्टी पाहा: ती कशाची आहे, तिच्यात आधी काय भरलेलं होतं आणि आज घरात नेमकी कुठे लागणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला “कधीतरी लागेल” एवढंच उत्तर येत असेल, तर ती वस्तू नसून अडगळ आहे. उलट, आधी गरज लिहून ठेवा (स्क्रू ठेवायला काहीतरी हवंय, कपाटाच्या खणात कप्पे हवेत) आणि मग घरात शोधा. या क्रमाने गेलं की बनवलेली वस्तू खरोखर वापरली जाते.

काचेच्या बरण्यांवरचं लेबल आणि चिकटा पूर्ण निघत नाही. काय करावं?

साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. कागद सुटतो, पण खाली डिंकाचा थर राहतो. तो पाण्याने जात नाही, कारण बहुतेक लेबलांचा डिंक पाण्यात विरघळणारा नसतो, तेलात मऊ होणारा असतो. खाण्याचा सोडा आणि कोणतंही स्वयंपाकाचं तेल समान घेऊन दाट लेप करा, डिंकावर लावा, वीस मिनिटं थांबा आणि जुन्या कापडाने चोळा. तेल डिंक मऊ करतं, सोडा तो खरवडून काढतो. शेवटी साबणाने धुवा. प्लॅस्टिकच्या डब्यावरही हे चालतं, फक्त पाणी कोमट घ्या.

बरणी स्वच्छ झाली, पण झाकणाला वास येतो.

वास पत्र्याला नसतो. झाकणाच्या आत जी मऊ पांढरी कडा असते, तिने तो शोषलेला असतो. ओला खाण्याचा सोडा तिच्यावर थापून रात्रभर ठेवा, धुवा आणि झाकण उघडं करून दोन दिवस उन्हात ठेवा. तरी वास गेला नाही तर ती बरणी बटणं, खिळे, बिया अशा गोष्टींसाठी वापरा. आतून गंजलेलं किंवा खरचटलेलं झाकण आंबट पदार्थांवर लावू नका. आम्लामुळे पत्रा आणखी झिजतो आणि तो अंश पदार्थात उतरतो.

बरण्या फळीच्या खाली उलट्या टांगतात, तशी रचना पडत नाही का?

झाकण नुसतं चिकटवलं असेल तर पडते. स्क्रूने बसवलेलं टिकतं, आणि स्क्रू दोन लागतात. एकच मध्ये लावला तर बरणी फिरवताना झाकणही तिच्याबरोबर फिरतं आणि हळूहळू ढिलं होतं. झाकणाला मध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खिळ्याने भोकं पाडा, झाकणाची पाठ फळीला टेकवा आणि आतून वॉशर घालून स्क्रू आवळा. फळी 18 मिमी जाड असेल तर स्क्रू 15 मिमीपेक्षा लांब नको, नाहीतर टोक वर निघेल. पूर्ण आटे असलेलं झाकण निवडा. चतकोर फेऱ्यात उघडणाऱ्या झाकणाला फक्त चार-सहा दातांचा आधार असतो, त्यामुळे वजन पडलं की ते सुटतं. आणि डोक्यावरच्या उंचीला काच टांगू नका.

काचेची बाटली दोऱ्याने आणि स्पिरिटने कापता येते, असं व्हिडिओत दाखवतात. करून पाहावं का?

नको. दोरा पेटवून बाटली थंड पाण्यात बुडवली की काच तापमानाच्या धक्क्याने तडकते हे खरं, पण तडा दोऱ्याच्या रेषेतच जाईल याची खात्री नसते. शिवाय हातात पेटतं द्रावण असतं. ज्यांना कापायचीच आहे त्यांनी काच कापायचं चाकाचं कटर घ्यावं, बाटलीभोवती एकच फेरी ओढावी (रेषेवरून दुसऱ्यांदा फिरवली तर काच वेडीवाकडी फुटते) आणि गरम-थंड पाणी आलटून पालटून ओतून ती वेगळी करावी. कडा घासताना काळा वॉटर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरायचा: आधी 120 नंबर, मग 220, मग 400. कोरडं घासू नका, काचेची धूळ फुप्फुसात जाते. इतकं केल्यानंतरही त्यात पाणी पिऊ नये, कडेला दिसत नाहीत अशा बारीक चिरा राहतात. पेन ठेवायला उत्तम.

पत्र्याच्या डब्याला नक्षीची भोकं पाडताना डबा चेपतो. उपाय काय?

आत पाणी गोठवा. यावर याहून चांगला उपाय नाही. डब्याची वरची कड आधी पक्कडीने आत दाबून सपाट करा, कारण बोटं कापतात ती तिथेच. मग काठापासून दोन सेंटिमीटर जागा सोडून पाणी भरा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. काठोकाठ भरलं तर डब्याची शिवण उसवू शकते, आणि थोडं कमी भरलं तरी तळ जरा बाहेर येतोच. बर्फ वितळल्यावर तो हातोडीने हलकेच ठोकून बसवा.

गोठलेला डबा घडी केलेल्या टॉवेलवर आडवा ठेवा म्हणजे घरंगळणार नाही. नक्षी कागदावर काढून टेपने डब्यावर चिकटवा. 3 मिमी जाडीचा खिळा सरळ धरून दोन-तीन ठोके द्या. पत्रा भेदला की हाताला फरक कळतो, तिथेच थांबा. भोकांत किमान 8 ते 10 मिमी अंतर ठेवा. जवळजवळ पाडली तर मधली पत्र्याची पट्टी फाटते. बर्फ मऊ व्हायला लागला तर पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवा, घाई केली की पोचे पडतात. मेणबत्ती ठेवायची असेल तर खालच्या दोन सेंटिमीटर भागात भोक नको, मेण गळतं. झाडासाठी डबा असेल तर उलट तळालाच पाच-सहा भोकं हवीत.

पेयांचे ॲल्युमिनियमचे कॅन या कामाला फारच पातळ पडतात.

प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, त्याचा काय उपयोग?

तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. ही पद्धत 1988 पासून चालत आली आहे. 1 म्हणजे पाण्याच्या पारदर्शक बाटलीचं पीईटी, 2 म्हणजे शाम्पू-डिटर्जंटच्या जाड अपारदर्शक डब्यांचं एचडीपीई, 5 म्हणजे बहुतेक डब्यांचं आणि झाकणांचं पॉलिप्रॉपिलीन. कामाच्या दृष्टीने फरक असा: पीईटी साधारण 70 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणून त्यात गरम पाणी ओतलं की बाटली आकसते. 2 आणि 5 नंबर मऊ पण चिवट असतात, कात्रीने कापता येतात, उन्हापावसातल्या कामाला चालतात. बागेतली नावाची पट्टी करायची असेल तर 2 नंबर घ्या. 3 आणि 6 नंबरपासून घरगुती वस्तू बनवण्याच्या फंदात पडू नका, आणि कोणतंही प्लॅस्टिक जाळून किंवा वितळवून आकार देऊ नका.

बाटलीतून झाडाला आपोआप पाणी मिळावं, अशी रचना कशी करायची?

एक-दोन लिटरची पीईटी बाटली वरून एक तृतीयांशावर आडवी कापा. झाकणाला 6 ते 8 मिमीचं भोक पाडा (एवढ्या भोकापुरता पक्कडीत धरलेला तापलेला खिळा चालतो, खिडकी उघडी ठेवून). त्यातून वीस सेंटिमीटर लांब जाड सुती दोरी ओवा, अर्धी आत, अर्धी बाहेर. झाकण लावून वरचा तुकडा उलटा करा आणि खालच्या भागात बसवा. वर माती, खाली पाणी, मध्ये वात.

ही रचना चालत नाही तेव्हा कारण बहुधा पुढच्यापैकी असतं. वात कोरडीच बसवली: ती आधी पूर्ण भिजवून घ्या, नाहीतर पाणी चढायला सुरुवातच होत नाही. माती चिकट आणि जड: तिच्यात निम्मं कंपोस्ट किंवा नारळाचा भुसा मिसळा. पहिल्या दिवशी वरून पाणी दिलं नाही: ओली माती ओल्या वातीतून पाणी ओढते, कोरडी ठक्क माती ओढत नाही. सुती दोरी काही महिन्यांत कुजते, तेव्हा पॉलिस्टरची विणलेली दोरी घातली तर बरं. जुन्या बुटाची लेस इथे अगदी योग्य.

खालच्या पाण्यात उजेडामुळे शेवाळ धरतं, म्हणून त्या भागाला बाहेरून गडद कागद गुंडाळा. दोन तुकड्यांमधली फट टेपने बंद करा. साठलेल्या पाण्यात डासांची अंडी-अळी-डास ही फेरी उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरी होते. निवडुंगासारख्या झाडांना ही पद्धत मुळीच नको, त्यांची मुळं कुजतात.

पुठ्ठ्याच्या खोक्यातून कपाटाच्या खणासाठी कप्पे केले, पण ते वाकतात.

पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळ्या (दोन कागदांमधल्या नागमोडी नळ्या) आडव्या आल्या असणार. पुठ्ठ्याची ताकद पन्हाळ्यांच्या दिशेत असते, त्यामुळे त्या उभ्या राहतील अशीच पट्टी कापा. खणाच्या आतल्या उंचीपेक्षा पट्टी 5 मिमी कमी ठेवा, लांबी मात्र आतल्या मापाइतकीच, म्हणजे टोकं भिंतींना टेकून आपोआप ताठ राहतात.

पट्ट्या एकमेकींत अडकवायला खाचा करायच्या: लांबीच्या पट्टीत वरून निम्म्या उंचीपर्यंत, रुंदीच्या पट्टीत खालून निम्म्या उंचीपर्यंत. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच, साधारण 3 ते 5 मिमी. मोजत बसण्यापेक्षा पुठ्ठ्याचाच तुकडा उभा धरून दोन्ही बाजूंनी पेन्सिल फिरवा. खाच रुंद झाली तर कप्पा डुलतो, अरुंद झाली तर पुठ्ठा चुरगळतो. कटरला नवं पातं लावा, लोखंडी पट्टी धरा आणि एका जोरात कापण्याऐवजी तीन हलक्या फेऱ्या द्या. पातं बोथट असलं की वरचा कागद फाटतो आणि कड केसाळ दिसते.

दमट जागी हे कप्पे ठेवू नका. पन्हाळीच्या पुठ्ठ्याचे थर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. ओल लागली की ते सुटतात, आणि ती खळ झुरळांना आवडते. सिंकखालच्या कपाटात म्हणून पुठ्ठा नकोच.

जुन्या टी-शर्टांचं पायपुसणं करायचं आहे. किती टी-शर्ट लागतात आणि कापायचे कसे?

बगलेखालचा भागच घ्या, तोही शक्यतो बाजूला शिवण नसलेल्या सुती टी-शर्टचा. हिशोब सोपा आहे: घेर 100 सेंमी आणि बगलेपासून खालपर्यंत 40 सेंमी असेल, तर अडीच सेंमीच्या पट्टीने 16 फेऱ्या, म्हणजे सुमारे 16 मीटर पट्टी निघते.

सलग पट्टी काढायची युक्ती अशी. खालची दुमडलेली शिवण कापून टाका. कापड आडवं पसरून एक बाजू दुसरीकडे अशी दुमडा की 3-4 सेंमी भाग उघडा राहील. दुमडलेल्या बाजूने अडीच-अडीच सेंमीवर काप घ्या, पण त्या उघड्या भागात शिरल्यावर थांबा, तो अखंड ठेवा. आता तो अखंड भाग उघडून पसरा आणि तिरके कापा: पहिला काप बाहेरच्या कडेपासून समोरच्या पहिल्या कापापर्यंत, मग इकडचा पहिला तिकडच्या दुसऱ्याला, इकडचा दुसरा तिकडच्या तिसऱ्याला. संपूर्ण कापड एका लांब फितीत उलगडतं. फीत हातभर-हातभर धरून ताणा, कडा आत वळून ती गोल दोरीसारखी होते. कडा वळत नसतील तर टी-शर्ट उभा कापला गेला आहे.

तीन फितींची वेणी घाला. वेणीत साधारण एक तृतीयांश लांबी खर्ची पडते, ते धरूनच टी-शर्ट गोळा करा. फिती एकदम संपतील अशा जोडू नका, जोड मागेपुढे आले की वेणी एका ठिकाणी जाड होत नाही.

मग वेणी गोल फिरवत जाड दोऱ्याने शेजारच्या फेरीला टाचायची. इथेच बहुतेकांचं बिघडतं: पायपुसणं वाटीसारखं वर उचललं जातं. बाहेरची फेरी आतल्या फेरीपेक्षा लांब लागते आणि आपण ती ओढून बसवतो. म्हणून टाचताना वेणी सैल ठेवा, आणि वळणावर दर दोन-तीन टाक्यांनंतर बाहेरच्या वेणीचा एक वेढा सोडून पुढचा पकडा. उलट कडेला लाटा यायला लागल्या तर वेढे जास्त सुटले आहेत. दर दोन फेऱ्यांनी सपाट जमिनीवर ठेवून पाहा. पाच फेऱ्यांनंतर कळलं तर उसवण्याशिवाय मार्ग नाही, इस्त्रीने हे बसत नाही.

जीन्स शिवताना सुई मोडते.

सुई 16 नंबरची, जीन्ससाठी मिळते ती घाला. शिवणीवर शिवण येते तिथे चार-सहा थर होतात. ती जागा आधी हातोडीने ठोकून चपटी करा आणि मशीनचं चाक हाताने फिरवत पुढे जा. कापड निवडताना पायाचा मागचा भाग घ्या, गुडघा आणि मांडीची आतली बाजू झिजलेली असते. खिसे मात्र सगळे ठेवा, भोवती दोन सेंमी सोडून कापले की भिंतीवर टांगायचे तयार कप्पे मिळतात. ताणली जाणारी जीन्स पिशवीला नको, ओझ्याने लोंबते.

मोडकी छत्री?

काड्या टाका, कापड ठेवा. हलकं, पाणी न धरणारं, चटकन सुकणारं कापड एरवी विकत घ्यावं लागतं. काड्यांना बांधलेले टाके कापले की बहुधा आठ त्रिकोणांचा घुमट हाती येतो. तो न उसवता घडी करून पिशवी बेतता येते. टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात. कपड्यांचे चिमटे पुरतात. टाके 3 मिमी लांब ठेवा, बारीक टाक्यांनी कापड रेषेत फाटतं. धागे सुटू नयेत म्हणून शिवण दुहेरी घाला.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा काय उपयोग होतो?

एक सेंमीचे वेढे कापले की साध्या रबरबँडपेक्षा कितीतरी टिकाऊ रबरं तयार. ट्यूब ब्यूटिल रबराची असते, ते हवेने लवकर तडकत नाही. आतली पांढरी भुकटी आधी धुवून टाका. घट्ट झाकण उघडायला, हत्याराच्या मुठीवर चढवायला, रोपं काठीला बांधायला ती वापरता येते. फिक्या रंगाच्या फरशीवर खुर्चीच्या पायांना लावू नका, काळे डाग पडतात.

साबणाचे उरलेले तुकडे एकत्र कसे करायचे?

भाजीच्या जाळीदार पिशवीचा तळहाताएवढा तुकडा कापून त्यात तुकडे भरा, तोंड बांधा, झालं. फेसही जास्त येतो. किसून गरम पाण्यात विरघळवून पातळ साबण करण्याची कृती प्रसिद्ध आहे, पण तो गार झाल्यावर बुळबुळीत आणि तारदार होतो. शिवाय त्यात टिकवणारं काही नसल्याने आठ-पंधरा दिवसांतच वापरून संपवावा लागतो.

मेणबत्त्यांचे तुकडे वितळवताना काय सांभाळायचं?

भांडं थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. मेण साधारण 46 ते 68 अंशांत वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्याची उष्णता भरपूर होते. पेट घेतला तर आच बंद करून झाकण घाला, पाणी कधीही ओतू नका. नवी सुती वात आधी वितळलेल्या मेणात बुडवून सुकवा. थंड होताना मध्ये खड्डा पडतो, थोडं मेण त्यासाठी बाजूला ठेवा. पातळ पेल्यात ओतू नका, जळताना तडकतो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून सगळं साफ होतं का?

फेस दिसतो म्हणून तसं वाटतं. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. उरतं पाणी, सोडियम ॲसिटेट आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. दोन्ही वेगवेगळे वापरा: सोडा ओला करून घासायला, व्हिनेगर क्षारांचा पांढरा थर काढायला. केटलमध्ये पाणी आणि व्हिनेगर समान भरून उकळा, अर्धा तास ठेवा, दोनदा धुवा. संगमरवरावर व्हिनेगर लावू नका, तोही कॅल्शियम कार्बोनेटच आहे, चट्टे पडतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन. दोन्ही विषारी.

ॲल्युमिनियम फॉइलने चांदी उजळते का?

हो, आणि चांदी घासली जात नाही. भांड्यात वापरलेलं, पण स्वच्छ फॉइल अंथरा, चांदी तिला टेकेल अशी ठेवा, एक लिटर उकळतं पाणी आणि 50 ते 60 ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. काळा थर हा चांदीचा सल्फाइड असतो. त्यातलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी जागेवरच राहते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते काम चालू असल्याचं लक्षण. फॉइलला टेकलेली नसेल तर काहीच होत नाही. मोती, खडे, चिकटवलेले दागिने आणि मुद्दाम काळपट ठेवलेली नक्षी यात घालू नका.

नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या?

घट्ट झाकणाच्या डब्यात सुया, हत्यारं, कॅमेरा यांच्यासोबत ठेवा. उघड्या खणात टाकून उपयोग नाही, खोलीची हवा पिऊन त्या दिवसा-दोन दिवसांत भरतात. दाणे पुडीतून काढून 120 अंशांवर दीड-दोन तास तापवले की पुन्हा कामाचे होतात. रंग बदलणारे निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावले तर आवाज अडतो का?

नाही. आवाज अडवायला वजन लागतं, ट्रेला ते नाही. शिवाय भिंतभर सुका कागद म्हणजे आगीला निमंत्रण. बिया रुजवायला मात्र कागदी ट्रे छान, रोप ट्रेसकट लावताना पुठ्ठा पूर्ण मातीत गाडा. वर राहिलेली कड हवेत सुकते आणि मुळांजवळचं पाणी ओढून घेते.

जुना मोबाइल घड्याळ किंवा कॅमेरा म्हणून कायम चार्जिंगला ठेवला तर चालेल?

सतत लावून नको. पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आली की लिथियम बॅटरी फुगते. टायमरच्या प्लगवर दिवसातून एक-दोन तासच चार्जिंग ठेवा. पाठ किंचित जरी उचललेली दिसली तर वापर थांबवा, टोचू-दाबू नका आणि ई-कचऱ्याच्या केंद्रात द्या.

कोणत्या वस्तू अजिबात पुन्हा वापरू नयेत?

एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट, बाहेरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. कीटकनाशकाचे आणि रसायनांचे डबे, कितीही धुतले तरी. इन्सुलेशन तडकलेल्या वायरी. सीएफएल बल्ब, त्यांत पारा असतो. ज्या जुन्या फर्निचरच्या रंगात शिसं असण्याची शंका आहे ते कोरडं घासू नका. आणि उलट बाजूनेही एक नियम: पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत फिनेल, रॉकेल, थिनर भरून ठेवू नका, लेबल लावलं तरी नाही. तहानलेलं मूल लेबल वाचत नाही.